समोरचं दाभोळ

...नाही, माणसानं हट्ट करावा, मी कुठं नाही म्हणतोय? पण हट्टाला काही लांबीरुंदी असावी की नाही? तुम्हाला सांगतो, आमच्या सखारामाचा हट्ट दीडशे किलोमीटर लांब होता. चार तालुके, चार गाड्या, वर पायपीट वेगळी... आणि जायचं कुठं होतं त्याला? दाभोळला. आणि दाभोळ कुठं? समोर.

समोर म्हणजे अगदी समोर हो. आमच्या धोपाव्याच्या धक्क्यावर उभं राहा आणि खाडीपलीकडं बघा. मशिदीचा घुमट दिसतो, किनाऱ्याला लावलेल्या होड्या दिसतात, वाळत घातलेली जाळी दिसतात, दोरीवरची लुगडी दिसतात, आणि वारा तिकडून येत असला तर मासळीबाजारातलं भांडणसुद्धा ऐकू येतं, फक्त कोण जिंकतंय तेवढं कळत नाही. लाँचीत बसलात की पंधरा मिनिटं. विडी ओढणाऱ्याची एक विडी आणि वर दोन झुरके. आता मला सांगा, असं गाव गाठायला कुणी पहाटे तीनला उठून तोंड उलटीकडं करून चिपळूणची गाडी पकडेल का? सखारामानं पकडली.

का? तर लाँच जानूची.

आता हा जानू कोण, तर सखारामाचा जिवाभावाचा दोस्त. मुंबईला गोदीत दोघं एका खोलीत राहिलेले, एका ताटात जेवलेले, एकाच्या अंगात ताप आला तर दुसऱ्यानं कण्हायचं इथवर मैत्री. पुढं सखाराम गावी येऊन शेती बघू लागला, जानू दाभोळचाच, त्यानं होडी घेतली आणि खाडीवर तरीची फेरी चालवू लागला. म्हणजे ही माणसं इकडून तिकडं आणि तिकडली इकडं. तेव्हा लाँच नव्हती, शिडाची होडी. आणि सखाराम दर आठवड्याला त्या होडीतून दाभोळला. काम असो नसो. होडीत बसायचं आणि जानूला शिकवायचं. दर्यात जन्मलेल्या माणसाला हा डोंगरातला माणूस शिकवणार, "डावीकडं घे... सुकानू सोड... अरे, वारा बग वारा."

असाच एकदा शिकवत होता. होडी धक्क्याजवळ आलेली, हा मधोमध उभा, हातात उघडी छत्री. भर उन्हाळ्यात हो. ऊन लागतं म्हणून छत्री. वारा आला, छत्री उलटी झाली, छत्रीमागून सखाराम उलटा झाला, आणि गेला पाण्यात. हातपाय झाडतोय, पाणी उडवतोय, "मेलो, जानू, मेलो... माज्या पोरांना संबाळ... सोनूला सांग, कोंबडीखाली अंडी ठेवलीत..." सगळी होडी घाबरलेली. आणि जानूनं काय करावं? सुकाणूवरचा हातसुद्धा काढला नाही. एवढंच म्हणाला, "सख्या, उबा ऱ्हा."

सखाराम उभा राहिला. पाणी गुडघ्याएवढं. ओहोटी होती.

मग काय विचारता? होडी हसली, धक्का हसला, मासे कापत बसलेल्या बाया हातातल्या कोयत्या खाली ठेवून हसल्या. आणि सगळ्यांत जास्त कोण हसलं, तर जानू. हसून हसून होडीत आडवा झाला, होडी धक्क्याला आपटली तरी याला शुद्ध नाही. त्या दिवसापासून दोन्ही किनाऱ्यांवर ती म्हणच झाली. पोर ठेचकाळलं, आई म्हणणार, "उबा ऱ्हा, सखाराम." बैल चिखलात बसला, "उबा ऱ्हा, सखाराम." अहो, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत बिचारा उमेदवार म्हणून उभा राहिला, तर लोकांनी मतं दिली नाहीत, नुसतं सांगितलं, "ऱ्हायलास ना उबा? झालं तर मग."

तर सखारामानं शपथ घेतली. ग्रामदेवतेला नारळ ठेवून घेतली. या जानूच्या होडीत परत पाय ठेवणार नाही. झाली त्याला अकरा वर्षं. शिडाची होडी जाऊन डिझेलची लाँच आली, पण शपथ तीच. संध्याकाळी टेकडीवर जाऊन बसायचा, खाडीकडं बघत. आम्ही विचारलं तर म्हणायचा, "बैल बगतोय." बैल पाठीमागच्या अंगाला चरतायत आणि हा बघतोय पुढं. आणि पुढं काय? दाभोळ.

आता ही गोष्ट गेल्या, सत्त्याऐंशीच्या डिसेंबरातली. भात झोडून झालं होतं, बायांना जरा उसंत होती. आमच्या वाडीत ठमाबाई म्हणून आहे, सत्तरीची, पण वाडीतला कुठलाही बेत तिच्या तोंडून निघतो. तिनं ठरवलं, सगळ्यांनी एक दिवस दाभोळला जायचं. सकाळी जायचं, बाजार बघायचा, वाळूत बसायचं, संध्याकाळी परत. बारा माणसं तयार झाली, त्यात मीही. आणि सखारामाची बायको, सोनूवहिनी, जन्मात कधी काही न मागणारी बाई, ती म्हणाली, "मला फोटू काढायचाय."

दाभोळात नवा स्टुडिओ निघाला होता. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, नवराबायकोचा एकत्र फोटो एकही नाही. लग्नात काढलेला एक होता, त्यात फोटोवाल्यानं सखारामाच्या मामाला मधे घेतलं होतं, सोनूवहिनीचं नुसतं कोपर दिसतं. ती म्हणाली, "पोरं मुंबईला गेली. घरात भिंतीवर काय, तर खत कंपनीचं कॅलेंडर. आपला एक फोटू असू दे."

सखारामानं चुलीतलं लाकूड पुढं सारलं, मागं ओढलं. शेवटी म्हणाला, "येनार. फोटूला मी येनार. पन त्याच्या लाँचीत पाय ठेवनार नाय."

"मग काय पवत येनार?"

"गाडीनं येनार."

सोनूवहिनीला वाटलं, थट्टा. पहाटे उठून बघते तर अंथरूण रिकामं आणि फडक्यातली भाकरी गायब.

आता बघा हं, इथून दोन गोष्टी एकाच वेळी चालल्यायत. आम्ही पावणेआठला धक्क्यावर. जानूनं फळी लावली, एकेकीला हात देऊन आत घेतलं, सगळी बसली तरी हा कुणाला तरी शोधतोय. सोनूवहिनी म्हणाली, "ते चिपळूणवरनं येतायत." जानूनं एकदा खाडीकडं बघितलं, एकदा तिच्याकडं. इंजिनाला दोरी गुंडाळली आणि इतक्या जोरात ओढली की दोरीच हातात आली.

सव्वाआठला आम्ही दाभोळात. आणि सखाराम? सखाराम सव्वाआठला चिपळूणच्या स्टँडवरून खेडच्या गाडीत बसला होता. खिडकीशी. म्हणजे निघाल्यापासून पावणेतीन तास दाभोळपासून लांब लांबच चालला होता. आणि दाभोळ कुठं? त्याच्या घरासमोर.

हे पुढचं सगळं त्यानंच सांगितलेलं. गाडीत लोट्याच्या कारखान्यांतली माणसं होती, नऊच्या पाळीला निघालेली. सखारामाच्या शेजारी एक बाबल्या म्हणून, तिशीतला, हातात डबा. तो मागच्या बाकावरच्याला गोष्ट सांगत होता. "आमच्या मामाच्या तिकडं, दाभोळच्या खाडीत, एक मानूस बुडाला. वरडतोय, मेलो, मेलो. होडीवाला म्हनतो, उबा ऱ्हा. उबा ऱ्हायला, तर पानी किती? घोट्याएवडं." गाडी हसली. कंडक्टर हसला.

सखाराम खिडकीबाहेर बघत बसला. ऐकलंच नाही असं ठरवलं त्यानं. परशुरामाचा घाट आला, खाली नदी दिसत होती, तिकडं बघत बसला. बाबल्या आपला रंगात आला. "घोट्याएवडं पन नाय रे, नुसता वला चिकल..."

आता इथं गप्प बसायचं की नाही? अकरा वर्षं गप्प बसलेला माणूस. पण अन्याय सहन करायलाही मर्यादा असते. सखाराम गर्रकन वळला आणि म्हणाला, "गुडगा. घोटा नाय. गुडग्याच्या वर चार बोटं."

बाबल्या म्हणाला, "तुमाला काय म्हाईत?"

आणि मग बाबल्याच्या तोंडाचा हळूहळू आ झाला. ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. लोट्याचा थांबा आला, तसा सखाराम पिशवी उचलून उतरलाच. खेडचं तिकीट खिशात, गाडी पुढं निघून गेली, आणि हा रस्त्याच्या कडेला, कान तांबडे. इतक्या लांब यायचं, घाट चढायचा, आणि तिथंही ती गोष्ट आपल्याआधी पोचलेली. जायचं तरी कुठं माणसानं?

पण बाबल्याही तिथंच उतरला होता. तो याच्यापुढं येऊन उभा. सखारामाला वाटलं, आता हा आणखी हसणार. तर त्यानं वाकून नमस्कार केला हो. म्हणाला, "काका, आमचं मूल गेलं होतं. दोन म्हयनं बायको बोलली नव्हती. एक दिवस मामानं ही गोष्ट सांगितली आनि ती हसली. तुमाला बगायचं होतं मला. तुमी हाव खरंच?"

सखाराम म्हणाला, "मीच. पन पानी गुडग्याएवडं होतं, येवडं तिला सांग."

बाबल्यानं त्याला टपरीवर चहा पाजला, भजी चारली. पाळीची वेळ झाली तरी हलेना. रातपाळी संपवून खेडकडं जाणारी कंपनीची बस उभी होती, तिच्यात ओळखीच्या ड्रायव्हरला सांगून याला बसवलं. बसमध्ये सगळी रातपाळीची माणसं, मेल्यासारखी झोपलेली, बस वळली की पन्नास माना एकदम उजवीकडं, पन्नास माना एकदम डावीकडं. झोप ही काय एकट्याला सोडते? पहाटे तीनला उठलेला माणूस. पाच मिनिटांत एकावन्नावी मान त्यांत मिसळली. खेड आलं, खेड गेलं. जाग आली तेव्हा बस कुठल्याशा गावात वडाखाली उभी, आत कुणी नाही, आणि एक कोंबडी ड्रायव्हरच्या जागेवर बसलेली. तिथून दोन कोस उन्हातून उलटा चालत खेडच्या स्टँडवर.

आणि आम्ही? आम्ही काय सांगू. मासळीबाजारात हिंडलो. पापलेटं बघितली, कोळंबीचे ढीग बघितले, ठमाबाईनं एका सुरमईचा भाव केला, घेतली नाही, पुढच्या बाईशी भाव केला, तिथंही घेतली नाही, अशी सात बायांशी भांडून ती वीस वर्षांनी लहान झाली. उसाचा रस प्यालो. गोदानं कोपरापर्यंत बांगड्या भरल्या. मग वाळूत गेलो, तर बाया पाण्यात शिरल्या त्या शिरल्याच. सोनूवहिनी लाटेला पाठ करून उभी राहायची, लाट आली की किंचाळायची, आणि परत उभी. दुपारी जानूच्या घरी जेवलो. जानूच्या बायकोनं करून ठेवलं होतं, माशांचं झणझणीत तिकलं, भात, सोलकढी. आणि एक ताट जास्त वाढून झाकून ठेवलं. कुणी विचारलं नाही, कुणाचं.

दोन वाजले. तीन वाजले. सोनूवहिनी स्टुडिओच्या पायरीवर जाऊन बसली. तीनदा केस सारखे केले. फोटोवाला म्हणाला, "वहिनी, तुमचा एकटीचा काढतो. भाऊ आले की त्यांचा वेगळा काढू आणि चिकटवू. कळणार नाही." ती म्हणाली, "पंचवीस वरसं चिकटूनच हाय. आज कागदावर चिकटवायला मी नाय आले." आणि बसून राहिली. चेहरा मात्र उतरत चालला. आम्ही आपले उगीच बांगड्यांचं कौतुक करतोय. शेवटची लाँच साडेपाचला.

सव्वाचार झाले आणि दापोलीची गाडी आली. धुरळा बसला, त्यातून सखाराम. टोपी मागं गेलेली, पाय धुळीनं तांबडे, शर्टाला कोंबडीचं पीस. पहाटे साडेपाचच्या गाडीनं निघालेला माणूस पावणेअकरा तासांनी दाभोळात उतरला आणि आधी काय केलं असेल? खाडीकडं बघितलं. पलीकडं धोपावं. आमची टेकडी. अकरा वर्षं जिथं बसून तो इकडं बघायचा ती जागा.

सोनूवहिनी पायरीवरून उठली. आम्हाला वाटलं, आता ही बोलणार. ती जवळ गेली, पीस काढलं, पदरानं त्याचं तोंड पुसलं आणि म्हणाली, "जेवलाव काय?" बस. एवढंच. आणि तुम्हाला सांगतो, त्या एका प्रश्नानं तो जेवढा खजील झाला ना, तेवढा त्या गुडघाभर पाण्यातही झाला नव्हता.

स्टुडिओत गेले. मागं पडदा, त्यावर बर्फाचे डोंगर. समुद्राकाठी फोटो काढायचा आणि मागं काश्मीर. दोन खुर्च्या, मधे तिपाई, तिपाईवर टेलिफोन, ज्याची वायर कुठंच जात नव्हती. फोटोवाला म्हणतो, "भाऊ, जरा सरकून बसा. हात वहिनींच्या खांद्यावर." सखाराम ताठ. आम्ही दहाजण दारात. ठमाबाई म्हणते, "ठेव रे. कोन बगत नाय." सगळे बघत होते. त्यानं हात असा ठेवला, जसा तापलेल्या तव्यावर ठेवावा.

"हलू नका... इकडं बघा..." आणि नेमकं तेव्हा दारातून आवाज आला, "सख्या."

जानू होता. लाँच सुटायची म्हणून बोलवायला आलेला. केस पांढरे झाले होते त्याचे. सखारामानं ते टेकडीवरून कधी बघितले नव्हते. दिवा लखकन चमकला. फोटो निघाला. आजही बघा भिंतीवर, सोनूवहिनी समोर बघतेय, छान हसतेय, आणि सखाराम तोंड उघडं टाकून दाराकडं. फोटोवाला म्हणाला, "परत काढू?" सोनूवहिनी म्हणाली, "नको. हाच."

मग सगळे धक्क्यावर. सगळे लाँचीत चढले, सखाराम धक्क्यावर उभा, चपला हातात. मागं जायला गाडी थेट सकाळी. पुढं जानूची फळी. आणि समोर धोपावं, घर.

जानूनं इंजिन चालू केलं नाही. म्हणाला, "त्या दिशी मी हसलो, सख्या. चुकलंच माजं. पन तुला खोटं कशाला सांगू, त्याच्यानंतर अकरा वरसं मी या खाडीत हसलोच नाय. मानसं येतात, बसतात, उतरतात. कोन मला डावीकडं घे म्हनत नाय."

सखाराम उभाच. नारळ ठेवून घेतलेली शपथ. काय करणार? तेव्हा ठमाबाई म्हणाली, "अरे, शपथ घेतलीस ती होडीची. ती शिडाची होती. ही लाँच हाय, हिला इंजान हाय. देवाला येवडं कळत नाय काय?"

सखारामानं विचार केला. खरंच केला, तोंडावर दिसत होतं. मग फळीवर पाय ठेवला. दुसरा ठेवला. आत येऊन मधोमध बसला, दोन्ही हातांनी फळकूट धरून. लाँच निघाली. जरा वेळानं तो हळूच म्हणाला, "जानू... जरा डावीकडं घे."

जानूनं घेतली. लागत नव्हती तरी घेतली.

आणि मग सखाराम सांगायला लागला. पहाट, चिपळूण, घाट, बाबल्या, त्याची बायको, ती कशी दोन महिन्यांनी हसली, चहा, पन्नास माना, वड, कोंबडी... आम्ही हसतोय, बाया पदर तोंडात घालून हसतायत, जानू सुकाणूवर डोकं टेकून हसतोय, आणि या खेपेला सगळ्यांत जास्त कोण हसतंय, तर सखाराम स्वतः. धोपावं जवळ आलं, गोष्ट अजून खेडच्या स्टँडवर. जानूनं काय करावं? मधेच इंजिन बंद केलं. सूर्य बुडायला टेकलेला, लाँच पाण्यावर नुसती डुलतेय, धक्क्यावर घरची माणसं हाका मारतायत, आणि जानू म्हणतोय, "दापोलीपतूर येऊ दे. मग उतरू."

झालं. गोड झालं. आपण खूश व्हावं की नाही? झालो की. पण पुढचं ऐका. दुसऱ्या दिवशी सखाराम परत लाँचीत. तिसऱ्या दिवशी परत. आता रोज. सकाळी पहिल्या फेरीला बसतो, शेवटच्या फेरीला बसलेलाच असतो. नवा माणूस चढला की सुरुवात, "पहाटे तीनला उठलो..." आणि गोष्ट संपत नाही तोवर जानू लाँच धक्क्याला लावत नाही. पंधरा मिनिटांच्या खाडीला पाऊण तास. बरं, गोष्ट तेवढीच राहील तर शपथ. दर आठवड्याला एक तालुका वाढतो. परवा ऐकलं तर मंडणगडही करून आला होता.

काल मला दवाखान्यात जायचं होतं, दाढ ठणकत होती. भर खाडीत इंजिन बंद. मी म्हटलं, "सखाराम, बाबा, पाया पडतो, आटप." तर म्हणतो, "थांब रे, आता कुटं महाड आलंय."

अकरा वर्षं आम्ही त्याला विनवत होतो, चढ रे बाबा, चढ. आता उतर म्हणतोय, तर ऐकतोय कोण...